टाकी फुल, हिशेब अपुरा

मालवाहतुकीच्या धंद्यात एक वाद वर्षानुवर्षं चालत आलाय. गाडीनं ॲव्हरेज कमी दिलं तर दोष कोणाचा? ड्रायव्हरनं डिझेल काढलं, पंपानं माप मारलं, की इंजिनाचं काम निघालं? बहुतेक घरांत उत्तर आधी ठरतं आणि हिशेब मागाहून येतो. तो हिशेब करायचा कसा, यावरचा हा संवाद आहे. नारायणगावात काकांच्या तीन पिकअप आहेत. टोमॅटोच्या सीझनमध्ये त्या माळशेजमार्गे वाशीच्या बाजारात जातात. जाऊन-येऊन साधारण तीनशे किलोमीटर. पुतणी पुण्यात वाहनांच्या चाचणीचं काम करते. दोघांच्या मध्ये डिझेलची वही उघडी आहे.

काका : हे बघ. सोमवारची फेरी : तीनशे किलोमीटर, २२ लिटर. ॲव्हरेज १३.६. बुधवारची फेरी : तीच गाडी, तोच रस्ता, तेवढाच माल. २५ लिटर. ॲव्हरेज १२. तीन लिटर कुठं गेलं? मी काही कोणाचं नाव घेत नाही, पण ड्रायव्हर नवा आहे.

पुतणी : नाव न घेता घेतलंच की तुम्ही! काका, या दोन ओळींवरून डिझेल कुठं गेलं ते कळत नाही. गेलं की नाही, हेसुद्धा कळत नाही.

काका : का नाही कळत? दोन्ही वेळा टाकी फुल केली. ऑटो कट होईपर्यंत भरलं. फुल ते फुल, मधे जेवढं बसलं तेवढं जळलं. मी तीस वर्षं असंच मोजतोय.

पुतणी : पद्धत बरोबरच आहे. फक्त ‘फुल’ दर वेळी एकाच ठिकाणी येतं हे तुम्ही गृहीत धरलंय, आणि ते तसं येत नाही. नोझलच्या टोकापाशी एक बारीक भोक असतं, पाहिलंय कधी? डिझेल वाहत असताना त्या भोकातून आत हवा ओढली जात असते. टाकीतलं डिझेल भोकापर्यंत चढलं की हवा बंद होते, आत निर्वात वाढतो, एक पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. तो ऑटो कट. त्याला टाकी भरल्याचं कळत नाही, भोक बुजल्याचं कळतं. आणि डिझेलला फेस येतो. जोरात सोडलं की फेस आधी वर येऊन भोक बुजवतो आणि खाली जागा असतानाच खटका पडतो.

काका : फेस येतो हे खरं. म्हणून तर पंपावरचा पोरगा थांबून थांबून परत दाबतो.

पुतणी : तो एकदा दाबेल, दुसरा चारदा दाबेल. एक जण नोझल पार आत घालतो, दुसरा अर्धवट अडकवतो. पंपाच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. गाडी एका बाजूनं कलली की टाकीच्या कोपऱ्यात हवा अडकते. माल भरलेला असला की मागचे पाटे दबतात, रिकामी गाडी मागून उचललेली राहते. साठ लिटरच्या टाकीत एवढ्या सगळ्यानं दीड लिटर इकडंतिकडं सहज होतं.

काका : दीड लिटर समजलं. माझा फरक तीन लिटरचा आहे.

पुतणी : तोच तर सांगते. समजा गाडीनं दोन्ही फेऱ्यांत अगदी सारखं, साडेतेवीस लिटर जाळलं. सोमवारी फेसामुळं कट लवकर झाला आणि दीड लिटर कमी बसलं. वहीत आलं २२. ते दीड लिटर टाकीत रिकामंच राहिलं. बुधवारी नीट भरलं : बुधवारचं साडेतेवीस आणि सोमवारचं राहिलेलं दीड. वहीत आलं २५. सोमवारच्या ड्रायव्हरला शाबासकी, बुधवारच्याला संशय. आणि खरं तर दोघांनी सारखंच डिझेल जाळलं.

काका : ही तुझी समजा-समजी झाली. तसंच झालं असेल कशावरून?

पुतणी : तसंच झालं असा माझा दावा नाही. या दोन आकड्यांतून ते ठरत नाही एवढंच म्हणते. पण ठरवायचा एक मार्ग आहे. दोन्ही फेऱ्यांची बेरीज करा : सहाशे किलोमीटर, ४७ लिटर, ॲव्हरेज १२.८. सोमवारी जे कमी बसलं ते बुधवारी भरून निघालं, म्हणून बेरजेत ती चूक राहिलीच नाही. मापातली चूक ही उधारी आहे काका, पुढच्या भरण्यात फिटते. चोरी फिटत नाही. कोणी दर फेरीला दोन लिटर खरोखर काढलं, तर बेरीज ४७ ऐवजी ५१ होईल, ॲव्हरेज ११.८ वर येईल आणि पुढं कितीही फेऱ्या झाल्या तरी तिथंच राहील.

काका : म्हणजे थांबायचं. महिना-दोन महिने वाट बघायची, तोवर चोराला मोकळं रान. पोरी, तुमच्या लॅबमध्ये वेळ असतो. इथं सीझन तीन-चार महिन्यांचा. रोजचं रोज धरलं नाही तर हातात काही राहत नाही.

पुतणी : महिना कशाला? चुका फक्त दोन टोकांना असतात : हिशेब सुरू केला ते भरणं आणि बंद केला ते भरणं. मधली सगळी भरणी एकमेकांना भरून काढतात. दोन टोकं मिळून दीड लिटरचा घोळ धरा. एका फेरीच्या साडेतेवीस लिटरमध्ये तो सहा टक्क्यांच्या वर जातो. ॲव्हरेज १२ दिसेल की १३.६, सांगता येत नाही. चार फेऱ्यांत ९४ लिटर लागलं, तर तोच दीड लिटर दीड टक्क्यावर येतो, ॲव्हरेज १२.६ ते १३ च्या आत सापडतं. दहा फेऱ्यांत १२.७ आणि १२.८५ च्या मधे. चौथ्या फेरीलाच ११.८ दिसलं तर ते मापाच्या चुकीत बसत नाही. भर सीझनमध्ये चार फेऱ्या म्हणजे आठवडासुद्धा नाही.

काका : आणि कोणी हुशारीनं पाव लिटर काढत असेल तर?

पुतणी : तर ते चार फेऱ्यांत दिसणार नाही. दहा फेऱ्यांत जेमतेम जाणवेल, महिन्याच्या बेरजेत स्पष्ट होईल. गळती जेवढी लहान, हिशेब तेवढा लांब लागतो. त्याला आडवाट नाही. एका फेरीवरून पाव लिटर पकडतो म्हणणारा माणूस अंदाजानं बोट दाखवतो.

काका : बरं. पण मग रिझर्व्हचं काय? माझी जुनी मोटरसायकल होती, तिचं ॲव्हरेज मी टाकी फुल न करता काढायचो. रिझर्व्ह लागलं की मोजून तीन लिटर टाकायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, परत रिझर्व्ह लागेपर्यंत चालवायची. किलोमीटर भागिले तीन. कधी चुकलं नाही.

पुतणी : ती तर फुल टाकीपेक्षा चांगली पद्धत! त्या टाकीत कॉकची उभी नळी असते. पेट्रोल नळीच्या तोंडाखाली गेलं की इंजिन अडखळतं; रिझर्व्हवर कॉक फिरवला की खालच्या भोकातलं सुरू होतं. नळीची उंची बदलत नाही, म्हणून खूण दर वेळी तीच. नोझल, फेस, फरशीचा उतार यांचा संबंधच येत नाही. फक्त चढावर रिझर्व्ह लागलं असेल तर थोडा फरक पडतो. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांना कॉकच नाही, नाहीतर मी तीच सुचवली असती.

काका : म्हणजे मी अगदीच अडाणी नव्हतो.

पुतणी : मुळीच नाही. तुम्ही तेव्हा खूण पक्की धरली होती, म्हणून आकडा पक्का आला. पिकअपलाही तेच करायचं : एकच पंप, एकच मशीन, गाडी उभी करायची जागा एकच, रिकाम्या गाडीतच भरायचं, पहिला खटका पडला की थांबायचं. राउंड फिगर करायला वरून ओतायचं नाही.

काका : पहिल्या खटक्याला थांबलं तर फेसाचा घोळ आलाच की परत.

पुतणी : येईल, पण दर वेळी साधारण सारखा येईल. नोझल हळू सोडायला सांगा, तो आणखी कमी होईल. घोळ सगळ्याच मापांत असतो. तो एकसारखा असेल तर वजाबाकीत निघून जातो. चारदा दाबून भरलेलं ‘फुल’ हे दाबणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहतं.

काका : आणि वाशीत भरलं तर? कधी कधी तिथंच टाकतात.

पुतणी : टाकू द्या. पावतीवरचे लिटर वहीत चढवा. रुपये नकोत, लिटर. पाचशेचं टाकलं यावरून दोन महिन्यांनी काही कळत नाही. पण हिशेब वाशीत बंद करू नका. नारायणगाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच, वाशी खाडीकाठी. जाताना गाडी भरलेली पण एकूण उतरती, येताना रिकामी पण चढती. पावणेदोन टनांची रिकामी गाडी एवढी वर आणायला, इंजिनाची नेहमीची कार्यक्षमता धरली, तर लिटरभर डिझेल जादा लागतं. जाण्याचं आणि येण्याचं वेगळं ॲव्हरेज काढाल, तर एकाला फुकटचं श्रेय आणि दुसऱ्याला फुकटचा बोल. निघालो तिथंच परत येऊन भरलं की चढ-उतार फिटतो.

काका : माझा मुलगा मोबाइलमध्ये सगळ्या फेऱ्यांचे ॲव्हरेज टाकून त्यांची सरासरी काढतो. ते चालेल?

पुतणी : नाही चालत. एका भरण्यात शंभर किलोमीटरला १० लिटर लागलं, ॲव्हरेज १०. पुढच्यात चारशे किलोमीटरला २५, ॲव्हरेज १६. दोन्हींची सरासरी १३ येते. पण गाडी पाचशे किलोमीटर चालली आणि ३५ लिटर लागलं, म्हणजे खरं ॲव्हरेज १४.३. शंभर किलोमीटरच्या फेरीला चारशेच्या फेरीएवढं वजन दिलं की असं होतं. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, भागाकार शेवटी एकदाच.

काका : लिटरचं झालं. किलोमीटरचा काटा तरी खरा ना?

पुतणी : त्यालाही टायर फसवतो. काटा चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरची नक्षी आठ मिलीमीटर खोल असली आणि झिजून दोनवर आली, तर चाकाची त्रिज्या सहा मिलीमीटरनं घटते. एवढ्या चाकाला ते जवळजवळ दोन टक्के. झिजलेलं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, काटा जास्त किलोमीटर दाखवतो, ॲव्हरेज चांगलं दिसतं. मग तुम्ही नवे टायर टाकता आणि दुसऱ्या दिवसापासून ॲव्हरेज दोन टक्के पडतं. डिझेल एक थेंबही जादा गेलेलं नसतं.

काका : (थांबून) गेल्या सीझनला टायर बदलले तेव्हा मी गाडी गॅरेजला लावली होती. ॲव्हरेज पडलं म्हणून.

पुतणी : टायर बदलला की वहीत लिहून ठेवा. आणि अधूनमधून पुणे-नाशिक रस्त्यावर किलोमीटरचे दगड किंवा मोबाइलचा जीपीएस धरून वीसेक किलोमीटर पडताळून बघा.

काका : ठीक. पण पंपवाल्याला तू सोडूनच दिलंस. तोच कमी देत असेल तर तुझी बेरीज काय करणार? ती उधारी तर फिटणार नाही.

पुतणी : हा तुमचा सगळ्यात भारी मुद्दा आहे. बरोबर, पंपाचं कमी माप फिटत नाही. बेरजेत ते चोरीसारखंच दिसेल आणि बोल ड्रायव्हरवर येईल. म्हणून ते वेगळं तपासायचं. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. त्याहून कमी आलं तर वैधमापन विभागाकडं तक्रार करता येते. मशीनला दरवर्षी पडताळणीचा शिक्का तेच मारतात. मागायला संकोच कसला? तुम्ही महिन्याला शेकडो लिटर घेता.

काका : आजवर कधी मागितलं नाही. ओळखीचा पंप आहे.

पुतणी : ड्रायव्हरही ओळखीचाच असतो, तरी त्याला रोज विचारता.

काका : ते लागलं मला. बरं, एक सांग. कंपनी कागदावर ॲव्हरेज देते तेही असंच मोजतात का? ते तर कधीच मिळत नाही.

पुतणी : तिथं टाकी भरून मोजतच नाहीत. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ सालची संस्था. तिथं गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवर. ड्रायव्हर समोरच्या पडद्यावरच्या रेषेप्रमाणं वेग धरतो. कारची चाचणी असेल तर ११८० सेकंद, जेमतेम अकरा किलोमीटर, वेग जास्तीत जास्त ९०. एवढ्या चालण्यात लिटरभरही इंधन जळत नाही; ते टाकीत मोजायला गेलं तर चुकीतच बुडून जाईल. म्हणून सायलेन्सरमधून निघणारा वायू गोळा करतात आणि त्यातला कार्बन मोजतात. इंधनात जेवढा कार्बन होता तेवढाच धुरातून बाहेर पडणार. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यावरून उलटा हिशेब. तो आकडा एका गाडीची दुसरीशी तुलना करायला चांगला. त्यात तुमचा घाट नाही, क्रेट नाहीत, वाशीच्या गेटवरची रांग नाही. तो आकडा ड्रायव्हरसमोर धरायचा नाही.

काका : रांगेचं बरं काढलंस. तिथं ही पोरं तासन्‌तास इंजिन चालू ठेवून बसतात. ते डिझेल माझंच ना?

पुतणी : तुमचंच. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं आणि किलोमीटरचा काटा हलत नाही. तिथं तुम्ही रागवा, ते योग्य आहे. फक्त त्याला चोरी म्हणू नका. वहीत दोन रकाने वाढवा : किती क्रेट नेले आणि किती वेळ खोळंबा झाला. साठ क्रेटची फेरी आणि चाळीस क्रेटची फेरी एका मापानं तोलता येत नाही.

काका : तुझं सगळं पटतंय असं म्हणत नाही मी. एक गोष्ट तुला माहीत नाही. मी रोज विचारतो म्हणून ही पोरं जपून चालवतात. चार दिवसांनी विचारलं तर सैल पडतील. धाक असावा लागतो.

पुतणी : धाकानं काय होतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. माळशेजच्या उतारावर किती गाड्या न्यूट्रलवर सोडलेल्या असतात? का सोडतात? मालकाला रोजचा आकडा दाखवायचा असतो म्हणून.

काका : मी कुणाला न्यूट्रलवर सोड म्हणून सांगितलं नाही.

पुतणी : सांगावं लागत नाही. रोज एका फेरीचा जाब मागितला की माणूस त्या फेरीपुरतं बघतो. आणि त्यात डिझेल वाचतच नाही. आताच्या इंजिनात गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरलं की इंजेक्टर बंद होतो. डिझेल शून्य, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलवर इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. वर इंजिनाचा ब्रेक गेलेला, सगळा भार पायाच्या ब्रेकवर, ते तापून पकड सोडतात. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकची मदत गेली, स्टेअरिंग जड झालं. एका फेरीच्या आकड्यासाठी माणूस जिवावर उदार होतो, आणि तो आकडा दीड लिटरनं खोटा असतो. मला सगळ्यात जास्त हे खटकतं. चुकीचं माप नुसता हिशेब बिघडवत नाही, माणसाचं वागणं बिघडवतं.

काका : (बऱ्याच वेळानं) घाटातलं मी उद्याच तिघांनाही सांगतो. त्याला चार फेऱ्यांची वाट बघायची गरज नाही.

पुतणी : त्याला नाहीच.

काका : पण विचारणं मी सोडणार नाही. वही रोज बघणार, पावती रोज मागणार.

पुतणी : सोडूच नका. पावत्या रोज जमल्या नाहीत तर माझी बेरीजच उभी राहत नाही. एक भरणं लिहायचं राहिलं की सगळा हिशेब मोडतो. ती शिस्त तुमच्यामुळंच आहे. माझं म्हणणं एवढंच : नोंद रोज, निकाल चार फेऱ्यांनी. आणि वही ड्रायव्हरलाही दाखवा. बेरीज त्यालाच करू द्या.

काका : त्यालाच? खोटं लिहील की.

पुतणी : लिटर पावतीवर छापलेले, किलोमीटर काट्यावर, तुम्ही दोन्ही बघणार. खोटं लिहायला जागा कुठं आहे? उलट त्याचाच आकडा घसरताना त्याला आधी दिसेल. एअर फिल्टर चोंदला, ब्रेक धरून राहिला, टायरची हवा उतरली, हे चालवणाऱ्याला मालकाच्या आधी कळतं. जाब द्यायची भीती नसेल तर तो येऊन सांगेल.

काका : आणि चार फेऱ्यांची बेरीज खाली आली, पंपाचं माप बरोबर निघालं, टायर तेच, क्रेट तेवढेच, खोळंबा नाही. मग?

पुतणी : मग खुशाल विचारा, आणि स्पष्ट विचारा. तेव्हा मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. इतकं तपासल्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो बांधील आहे.

काका : आणि बेरीज वर आली तर?

पुतणी : तर तेही त्याला सांगा, सगळ्यांसमोर. कमी आलं की विचारणारे मालक पुष्कळ आहेत. ज्या मापानं माणसाला दोषी धरता, त्याच मापानं तो निर्दोष ठरल्यावर तसं बोलून दाखवलं, तरच पोरांचा वहीवर विश्वास बसेल.